सूक्ष्मदर्शकातले दिसणे: प्रत्यक्ष की अनुमान?

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतला द्विनेत्री सूक्ष्मदर्शक हे दृश्य प्रकाशावर चालणारे, भिंगांच्या दोन संचांचे यंत्र आहे. तळाशी दिवा असतो. त्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर आणि कमीजास्त उघडणारा पडदा असतो. मधल्या मंचावर काचपट्टी ठेवतात. तिच्या वर फिरत्या चकतीत 4, 10, 40 आणि 100 पटींची वस्तुभिंगे बसवलेली असतात आणि माथ्यावर 10 पटींची दोन नेत्रभिंगे असतात, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे आयपीसच म्हणतात. वस्तुभिंग आणि नेत्रभिंग यांच्या पटींचा गुणाकार म्हणजे एकूण वर्धन. ते 40 पासून 1000 पटींपर्यंत जाते. माणसाची तांबडी रक्तपेशी 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची असते. 400 पटींना ती तीन मिलिमीटरच्या टिकलीएवढी भासते, आणि पाहणारा विद्यार्थी म्हणतो, "पेशी दिसली."

या साध्या वाक्यातल्या 'दिसली' या क्रियापदावर भारतीय प्रमाणशास्त्राच्या, म्हणजे ज्ञानसाधनांच्या विचाराच्या, दृष्टीने प्रश्न उभा राहतो. वस्तू आणि डोळा यांच्यामध्ये डझनभर काचा आहेत. डोळ्यापर्यंत पोहोचते ती भिंगांनी घडवलेली प्रतिमा. मग पेशीचे ज्ञान प्रत्यक्ष म्हणायचे, की धूर पाहून अग्नी जाणावा तसे प्रतिमा पाहून पेशी जाणली, म्हणजे ते अनुमान? उत्तर काहीही असले तरी रोगनिदान थांबत नाही. पण ज्या दर्शनांनी प्रत्यक्षाला सर्व प्रमाणांचा पाया मानले, त्यांच्या मांडणीत जंतू, पेशी, परागकण यांना घटपटांच्या पंगतीत बसवायचे की अग्नीप्रमाणे अनुमेयांच्या, हे या उत्तरावर ठरते.

न दिसण्याची कारणे

असलेली वस्तू दिसत का नाही, याचा विचार ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नेमकेपणाने आला आहे. तिथे आठ कारणे दिली आहेत: वस्तू फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रियाला इजा होणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा असणे, दुसऱ्या प्रबळ वस्तूने ती झाकोळणे, आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. सांख्यांचा रोख प्रकृतीकडे, म्हणजे जगाच्या मूळ कारणाकडे, होता. ती दिसत नाही याचे कारण सूक्ष्मता आहे, अभाव नाही, हे त्यांना सिद्ध करायचे होते. पण हीच यादी हातात घेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसले, तर यंत्राचा एकेक भाग एकेका अडथळ्यावरचा उपाय असल्याचे दिसते.

सूक्ष्मतेवर भिंगे आहेत. नुसत्या डोळ्याला 25 सेंटिमीटर अंतरावरून साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतचे बारकावे सुटे दिसतात, त्याखाली भिंग लागते. आडोशावर पातळ काप आहे: कांद्याची अख्खी फोड मंचावर ठेवली तर काहीच कळत नाही, आतल्या बाजूचा एकेरी पापुद्रा सोलून ठेवला तर विटांच्या भिंतीसारखी पेशींची रचना उघडी पडते. झाकोळण्यावर कंडेन्सरचा पडदा आहे. दिवसा तारे जसे सूर्यतेजात बुडतात, तशी रंगहीन पेशी जास्त उजेडात विरून जाते आणि पडदा थोडा मिटला की तिची कड उमटते. सारख्यात मिसळून जाण्यावर रंजक द्रव्य आहे. पाण्यात पाण्यासारखीच पारदर्शक असलेली पेशी आयोडीनचा थेंब पडताच वेगळी कळते. उरलेल्या कारणांपैकी मन ठिकाणावर नसणे एवढे मात्र कोणत्याही भिंगाने बरे होत नाही.

या सर्व उपायांत नवे ज्ञानसाधन कुठेच आणलेले नाही, डोळ्याच्या वाटेतले अडथळे तेवढे दूर केले आहेत. सूक्ष्मदर्शनाला प्रत्यक्ष म्हणण्याचा पहिला आधार हा आहे.

झरोक्यातला कण

न्याय-वैशेषिकांनी डोळ्याने द्रव्य दिसण्यासाठी दोन मुख्य अटी घातल्या: द्रव्याला महत् परिमाण, म्हणजे पुरेसा मोठेपणा हवा आणि त्याचे रूप उद्भूत, म्हणजे प्रकट हवे. परमाणू आणि दोन परमाणूंचे द्व्यणुक अणुपरिमाणाचे, म्हणून ते दिसत नाहीत. तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू हे सर्वांत लहान दृश्य द्रव्य. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा धूलिकण हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्रसरेणूला अवयव आहेत हे मात्र दिसत नव्हते, ते अनुमानाने ठरवले गेले: जे दृश्य द्रव्य आहे ते घटाप्रमाणे सावयव असते, त्रसरेणू दृश्य आहे, म्हणून तो सावयव आहे. रघुनाथ शिरोमणींसारख्या नव्य नैयायिकाला हे पटले नाही. त्रसरेणूशीच थांबावे, त्याखाली परमाणू मानण्याची गरज नाही, असे त्यांचे मत होते.

उन्हाच्या तिरिपेतला कण काचपट्टीवर घेऊन 400 पटींनी पाहिला तर तो कापसाचा धागा, कातडीचा खवला किंवा परागकण निघतो. त्याला कडा आहेत, भाग आहेत आणि भागांवर नक्षी आहे. जुन्या अनुमानाचा निष्कर्ष इथे डोळ्यांसमोर येतो. परमाणू त्याने सिद्ध होत नाही. पण दृश्यतेची सीमा वस्तूवर कायमची कोरलेली नसून साधनाप्रमाणे सरकते, एवढे निश्चित होते. रूप प्रकट असण्याच्या अटीचेही असेच होते. मिथिलीन ब्लूचा थेंब पेशीच्या केंद्रकाला प्रकट रूप देतो, म्हणजे ती अट प्रयोगशाळेत बाटलीतून पुरवता येते.

काच आड येते का?

प्रत्यक्षासाठी इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध, म्हणजे सन्निकर्ष हवा, हा नैयायिकांचा आग्रह. त्यांच्या मते डोळा तेजाचा बनलेला असून त्याचे किरण वस्तूपर्यंत जातात. आधुनिक प्रकाशविज्ञानात प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, त्यामुळे दिशा उलटी झाली. संबंध हवा, ही अट दोन्हीकडे कायम आहे.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या पलीकडची वस्तूही दिसते, तेव्हा डोळा वस्तूला न भिडताच पाहतो असे का म्हणू नये? उत्तर असे की भिंत अडवते, पारदर्शक द्रव्य अडवत नाही. काचेतून जाऊनही संबंध अखंड राहतो. म्हणजे काचेआडचे दिसणे प्रत्यक्षच, हा निवाडा सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी शतके आधी झालेला आहे.

मात्र खिडकीचे तावदान आणि भिंग यांत फरक आहे. तावदान प्रकाशाला जवळजवळ होता तसा जाऊ देते, भिंग त्याला वाकवते. सूक्ष्मदर्शकात वस्तू मोठी दिसते, आहे त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसते आणि उलटी दिसते. काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळते. नवशिका पहिल्या दिवशी हमखास इथे चुकतो आणि निसटणाऱ्या पॅरामीशियमचा पाठलाग उलट्या दिशेने करतो.

या अडचणीवर आरशाचा दाखला उपयोगी पडतो. नैयायिकांच्या मते आरशात दिसतो तो खरा चेहराच. किरण आरशावरून परततो आणि स्वतःच्याच मुखाला भिडतो. चूक होते ती मुख समोर आहे या अंशापुरती. त्यांच्या सिद्धांतात भ्रमसुद्धा पूर्ण खोटा नसतो, 'हे काहीतरी आहे' या अंशात तो खरा आणि 'ते असे आहे' या अंशात चुकलेला असतो. तीच कसोटी भिंगाला लावली तर पेशी आणि तिची रचना या अंशात ज्ञान यथार्थ ठरते, तर आकारमान, स्थान आणि दिशा या अंशांत दुरुस्ती लागते. ही दुरुस्ती वर्धनाच्या आकड्याने आणि थोड्या सरावाने होते. दुरुस्ती करावी लागते म्हणून मूळ ज्ञान अनुमान होत नाही. पाण्यात वाकडी दिसणारी काठी सरळ आहे हे ठाऊक असले, तरी काठी डोळ्यांनीच दिसत असते.

दोन नळ्या, एक चित्र

सूक्ष्मदर्शकाला दोन डोळे देण्याचा प्रयत्न सतराव्या शतकातच झाला. शेरुबँ द ओर्लेआँ या फ्रेंच कॅपुचिन संन्याशाने तसे यंत्र बनवले होते. ही रचना प्रयोगशाळेत सर्रास रुळली ती मात्र विसाव्या शतकात. आजच्या वर्गातल्या द्विनेत्री यंत्रात वस्तुभिंग एकच असते. त्यातून आलेला प्रकाश लोलकाने दुभागून दोन नळ्यांत पाठवतात. दोन्ही डोळ्यांना अगदी तेच चित्र मिळते, म्हणून त्यात खोली कळत नाही. खोली दाखवणारा त्रिमितीय सूक्ष्मदर्शक वेगळा. त्यात प्रत्येक डोळ्याला वेगळ्या कोनातून आलेले चित्र मिळते, आणि तो किडे, फुले किंवा विद्युतमंडले तपासायला कमी वर्धनावर वापरतात.

यंत्राशी बसल्यावर पहिली कृती दोन्ही नळ्यांमधले अंतर जुळवण्याची असते. माणसामाणसांत बुबुळांमधले अंतर वेगळे असल्याने नळ्या सुमारे 55 ते 75 मिलिमीटरच्या पट्ट्यात सरकतात. अंतर जुळले नाही तर काळोखात दोन उजळ वर्तुळे दिसतात, एकावर एक अर्धवट चढलेली. नळ्या हळूहळू जवळ आणाव्यात, तशी ती सरकत येतात आणि एका क्षणी एकच वर्तुळ उरते. भारतीय दर्शनांत भ्रमाचे ठरलेले उदाहरण आहे दोन चंद्रांचे: डोळ्याला दोष असला की एका चंद्राचे दोन दिसतात. इथे त्याच्या उलट घडते. चित्रे खरोखरच दोन आहेत, आणि नीट पाहणाऱ्याला एक दिसते.

दोन डोळ्यांनी एक पाहणे हा विषय न्यायसूत्रांत आत्म्याच्या संदर्भात आला आहे. डाव्या डोळ्याने पाहिलेली वस्तू उजवा डोळा ओळखतो. पाहणारे जर इंद्रियच असते तर एकाने पाहिलेले दुसऱ्याने ओळखले नसते. म्हणून दोन्ही डोळे वापरणारा, त्यांच्याहून वेगळा असा कोणी द्रष्टा आहे. प्रतिपक्षी म्हणतो, डोळा मुळात एकच, नाकाच्या हाडाने विभागल्यामुळे तो दोन वाटतो. सूत्रकार उत्तर देतात, एक डोळा गेला तरी दुसरा राहतो, मग ते एक कसे? पुढच्या टीकाकारांत या मुद्द्यावर मतभेद झाले. शरीरविज्ञान या वादात दोघांनाही थोडेथोडे देते: नेत्रगोल दोन आहेत, पण दोन्हींकडून येणारे संदेश मेंदूत एकत्र होतात.

ज्ञानाच्या खरेपणाच्या दृष्टीने दोन नळ्यांचा धडा वेगळा आहे. दोन्ही डोळ्यांना एकसारखेच दिसले म्हणून ते खरे, असे इथे म्हणता येत नाही. एकाच वस्तुभिंगाने दिलेले चित्र दोघांच्या पुढ्यात आले आहे. वस्तुभिंगात दोष असेल तर तो दोघांनाही सारखाच दिसेल. एकाच वकिलाने पढवलेल्या दोन साक्षीदारांची जबानी तंतोतंत जुळते, तेवढ्याने न्यायाधीश तिला दोन पुरावे मानत नाही. दुसऱ्या नळीने डोळ्यांचा ताण कमी होतो आणि तासन्‌तास पाहता येते, पुरावा दुप्पट होत नाही. खऱ्या साक्षीदाराला दुसऱ्या वाटेने यावे लागते.

खरेपणा कुठून येतो?

ज्ञानाचे प्रामाण्य कशाने ठरते यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा दीर्घ वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे आले तरच ते सोडावे लागते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, परतः ठरते. पाण्याचे ज्ञान खरे की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागते का यावरून कळते. ज्ञानाप्रमाणे केलेली कृती सफल झाली की ज्ञान प्रमाण. त्यांच्या भाषेत हे प्रवृत्तिसामर्थ्य.

सूक्ष्मदर्शकाशी काम करणारा नकळत नैयायिकाच्या वाटेने जातो. चित्रात एक काळा ठिपका दिसतो. तो काचपट्टीवरचा जीव की भिंगावरची धूळ? आधी काचपट्टी थोडी सरकवतात. ठिपका तिच्याबरोबर सरकला तर तो नमुन्यातला. जागचा हलला नाही तर नेत्रभिंग त्याच्या नळीत गोल फिरवतात. ठिपकाही फिरला तर धूळ नेत्रभिंगावर आहे. तरीही जागीच राहिला तर वस्तुभिंग बदलून पाहतात, आणि नजर फिरेल तिकडे तो तरंगत जाऊ लागला तर तो पाहणाऱ्याच्या डोळ्यातला आहे. 'हे असताना ते असते, हे नसताना ते नसते' हा अन्वय-व्यतिरेक प्रयोगशाळेत असा बोटांनी चालतो. विद्यार्थी जाड काळ्या कडेचा हवेचा बुडबुडा पेशी म्हणून वहीत काढतो, तेव्हा त्याने पाहिलेले खोटे नसते, ही पडताळणी राहिलेली असते.

असे पडताळत गेले की दिसण्यात सराव मुरतो. हिवतापाच्या रुग्णाच्या रंगवलेल्या रक्तात नवख्याला जांभळे-निळे ठिपके दिसतात, मुरलेल्या तंत्रज्ञाला तांबड्या पेशीतले अंगठीच्या आकाराचे परजीवी दिसतात. तो प्रत्येक वेळी हेतू, व्याप्ती आणि निष्कर्ष अशी अनुमानाच्या पायऱ्यांची मांडणी करत नाही. रत्नपारख्याला हिऱ्याचा दर्जा पाहताक्षणी कळतो, तसे हे शिकलेले प्रत्यक्ष आहे. अनुमान लागते ते शंका आल्यावर.

शंका आणि दुसरी वाट यांचे दोन दाखले जीवशास्त्राच्या इतिहासात आहेत. कामिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत एक जाळीदार रचना पाहिली. ती खरी की रंजकाने निर्माण केलेली, हा वाद अर्धे शतक चालला. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणाऱ्या यंत्राने, तीच रचना दाखवली तेव्हा तो मिटला. उलट दाखला मेसोसोमचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंच्या आवरणाला आत वळलेल्या घड्या दिसत, त्यांना हे नाव मिळाले आणि कार्येही जोडली गेली. नमुना रसायनांत न मुरवता झटकन गोठवून पाहू लागल्यावर त्या घड्या नाहीशा झाल्या. त्या तयारीच्या पद्धतीतून उपजल्या होत्या. एक रचना टिकली आणि एक गेली, पण कसोटी दोघींना एकच लावली गेली: वाट बदलली तरी तेच दिसते का?

फ्रिट्झ झेर्निके यांची कलांतर पद्धत अशीच दुसरी वाट आहे. तिच्यासाठी त्यांना 1953 चे नोबेल मिळाले. तीत रंजक न वापरता, पेशीतून जाताना प्रकाशलहरी किती मागे पडल्या यातला फरक उजेड-सावलीत बदलतात. रंगवून मारलेल्या पेशीतले केंद्रक या पद्धतीने जिवंत पेशीतही दिसते, म्हणजे ते रंगाने निर्माण केलेले नाही.

आधुनिक वाद

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा प्रश्न 1980 च्या सुमारास नव्याने पेटला. बास व्हॅन फ्रासेन यांनी दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांत भेद केला. गुरूचे चंद्र दुर्बिणीतून दिसतात, पण जवळ गेल्यास नुसत्या डोळ्यांनीही दिसतील. जीवाणूच्या जवळ जाऊन तो नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची सोयच नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकातल्या वस्तू 'पाहिल्या' असे मानण्याची सक्ती नाही. पुढे त्यांनी इंद्रधनुष्याचा दाखला दिला. ते सगळ्यांना दिसते, छायाचित्रातही येते, तरी आकाशात कमान नावाची वस्तू नसते.

इयान हॅकिंग यांनी 1981 च्या निबंधात याला दिलेले उत्तर नैयायिकाला सहज पटावे असे आहे. मोठ्या कागदावर चौकटी आणि अक्षरे आखायची, छायाचित्रण-तंत्राने ती डोळ्यांना दिसेनाशी होईपर्यंत लहान करून धातूच्या जाळीवर उतरवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायची. तीच अक्षरे त्याच क्रमाने दिसतात. आपणच बनवलेली वस्तू बनवली तशीच दिसत असताना यंत्रावर अविश्वास दाखवायला कारण उरत नाही. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली नुसते पाहत नाहीत, हात घालतात. 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या वैद्यकीय चमूने बीजांडात एकच शुक्राणू सुईने सोडून झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. हे बीजांड जेमतेम 0.1 मिलिमीटरचे, शुक्राणू त्याहून कितीतरी लहान, आणि ही सगळी क्रिया दोन नेत्रभिंगांतून पाहतच होते. इंद्रधनुष्याला सुई टोचता येत नाही. इथे टोचलेल्या सुईतून मूल जन्माला येते. प्रवृत्तिसामर्थ्याचा याहून ठळक पुरावा मागणे अवघड आहे.

जिथे यंत्र थांबते

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सीमा आहे. 1873 मध्ये अर्न्स्ट आबे यांनी दाखवले की प्रकाश लहररूप असल्याने त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन बिंदू सुटे दिसत नाहीत. 100 पटींच्या वस्तुभिंगाखाली तेलाचा थेंब घालून, हिरव्या प्रकाशात, ही सीमा सुमारे 0.2 मायक्रोमीटर येते. त्यापुढे वर्धन वाढवले तर चित्र मोठे होते, तपशील वाढत नाही.

याहून वेगळी सीमा शब्दाच्या अर्थाची आहे. 'सूक्ष्म' हा शब्द दर्शनांत एका अर्थाने येत नाही. यंत्राचे सूक्ष्म म्हणजे लहान. सांख्यांची तन्मात्रे किंवा सूक्ष्म शरीर लहान असल्यामुळे सूक्ष्म नाहीत, स्थूल इंद्रियांचा तो विषयच नव्हे. जैन दर्शनातही एकेंद्रिय जीवांचे सूक्ष्म आणि बादर, म्हणजे स्थूल, असे भेद आहेत. सूक्ष्म जीव सर्व लोकात भरलेले असून ते इंद्रियांना गोचर होतच नाहीत. पाण्याच्या थेंबात हालचाल करणारे जीव भिंगातून दिसले म्हणून आगमांतले सूक्ष्म जीव सिद्ध झाले असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच ते दिसले नाहीत म्हणून खोडले गेले असे म्हणणेही. पाणी गाळून पिण्याच्या आचाराला त्या दृश्याने बळ मिळते, ती गोष्ट निराळी. योग्यांना परमाणू दिसतात असे न्याय-वैशेषिक मानतात, पण ते योगज प्रत्यक्ष ज्याचे त्यालाच होते. सूक्ष्मदर्शकाशी बसलेला खुर्चीवरून उठून दुसऱ्याला बसवू शकतो.

तेव्हा काचपट्टीवरच्या पेशीचे ज्ञान साधनाने साहाय्य केलेले प्रत्यक्ष मानणे योग्य. त्याचा विषय पेशीच, तिची प्रतिमा नव्हे. त्याचे प्रामाण्य मात्र दिसण्यातून आपोआप मिळत नाही, ते सरकवून, फिरवून, रंगवून, न रंगवता आणि दुसऱ्या यंत्राने पाहून मिळवावे लागते. त्रसरेणूचे अवयव या यंत्राने अनुमानातून प्रत्यक्षात आणले. दोन नळ्यांतली दोन वर्तुळे एक म्हणून जाणणारा, ज्याच्यासाठी न्यायसूत्रांनी डाव्या-उजव्या डोळ्याचा युक्तिवाद रचला, तो कोणत्याही काचपट्टीवर येत नाही. त्याच्यासाठी आजही तो युक्तिवादच आहे.